उभा घोडा : पशुवैद्यकाच्या वर्गातील प्रतिमांचा इतिहास

१/ मेलेला घोडा उभा राहत नाही. पशुवैद्यासमोर येणारा घोडा मात्र बहुधा उभाच असतो. जनावरांची शरीररचना शिकवण्याच्या इतिहासात ही अडचण पुन्हा पुन्हा भेटते. शवविच्छेदनाच्या मेजापासून सीटी स्कॅनपर्यंतचा हा प्रवास. #इतिहास #थ्रेड

२/ १५९८ मध्ये बोलोन्याच्या कार्लो रुइनी यांचा घोड्याच्या शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७६१ मध्ये क्लोद बूर्जला यांच्या पुढाकाराने फ्रान्समधील लियाँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापन झाले. शरीररचना शिकण्याचा मार्ग तेव्हा एकच होता : शव आणि सुरी.

३/ इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स यांनी या मार्गाची परिसीमा गाठली. १७५० च्या दशकात हॉर्कस्टो गावी ते सुमारे १८ महिने घोड्यांचे विच्छेदन करीत होते. मारलेला घोडा छताला टांगून ते त्याला उभ्या स्थितीत आणत आणि थरामागून थर सोलत चित्रे काढत. त्यांचा ग्रंथ १७६६ मध्ये निघाला. एका उभ्या घोड्याच्या चित्रासाठी अनेक घोडे प्राणास मुकले होते.

४/ ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण गवसले. पुढच्याच वर्षी युरोपातील पशुवैद्य ते घोड्याच्या पायावर वापरू लागले. कठीण खुराआडचे हाड जिवंत जनावरात प्रथमच दिसले. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. म्हणजे तेथील पहिल्या तुकड्या या किरणांविनाच शिकल्या.

५/ पण क्ष-किरणांचे चित्र म्हणजे सावली. पुढचे-मागचे सारे अवयव त्यात एकावर एक पडतात. ही गुंतागुंत सोडवली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने.

६/ येथे एक मार्मिक प्रसंग आहे. त्यांनी आधी फॉर्मलिनमधील मानवी मेंदू तपासला. चित्र सुरेख आले. परंतु फॉर्मलिनमुळे ऊतींमधील फरक वाजवीपेक्षा ठळक दिसत होता. पडताळणीसाठी बैलाचा ताजा मेंदू आणावा लागला. जतन केलेले शव दिशाभूल करू शकते, हे यंत्रानेच दाखवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचे स्कॅनिंग झाले.

७/ अध्यापनाच्या दृष्टीने सोनोग्राफीचे मोल वेगळेच. गाय गाभण आहे का, हे गुदमार्गे हात घालून तपासतात. विद्यार्थ्याच्या बोटांना नेमके काय लागले, हे गुरूला कळण्याचा उपाय नव्हता. १९८० नंतर पशुप्रजननात सोनोग्राफी रुळली आणि दोघे एकाच पडद्यावर एकच गर्भाशय पाहू लागले.

८/ मग विच्छेदन कालबाह्य झाले का? नाही. स्नायूबंधाचा ताण, आतड्याचे वजन, ऊतींची चिवटता पडद्यावर उमटत नाही. उद्या शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला ती ओळख हवीच. प्रतिमा शवाची जागा घेत नाही; शव जे सांगू शकत नाही, ते ती सांगते.

९/ आज काही रुग्णालयांत गुंगीचे औषध दिलेल्या घोड्याचे उभ्यानेच सीटी स्कॅन होते. स्टब्स यांनी दोर आणि आकड्यांनी जे साधू पाहिले, ते आता जिवंत घोड्यावर साधते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही : धडा संपल्यावर घोडा आपल्या पायांनी तबेल्यात परततो.