२१४७४८३६४७ : गणितातून घड्याळात शिरलेली संख्या

२१४७४८३६४७, म्हणजेच दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही संख्या अडीचशे वर्षांपासून गणितज्ञांच्या परिचयाची आहे. संगणकतज्ज्ञांसाठी मात्र ती चिंतेचा विषय ठरली आहे.

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. घातांक ३१ असताना मूळ संख्या मिळते, असे फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये म्हटले होते. त्यांच्या यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, ३१ मात्र अचूक निघाला.

त्याची सिद्धता १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. विभाजकांचा शोध वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतच घ्यावा लागतो. शिवाय या संख्येच्या मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी दाखविले. त्यामुळे तपासण्याजोग्या संख्या पावणेचारशेच्या आत आल्या. त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

तिला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. २८ प्रमाणेच तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच होते. अशा संख्यांचा उपयोग काहीच नसल्याने याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. हे भाकीत फोल ठरले. मर्सेन यांच्या प्रकारची ५२ वी ज्ञात मूळ संख्या २०२४ मध्ये सापडली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

द्विमान पद्धतीत २१४७४८३६४७ लिहिताना सलग ३१ वेळा १ येतो. ३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी राखल्यास मावणारी ही कमाल संख्या होय. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ती ओलांडली आणि यूट्यूबला गणकाची मर्यादा वाढवावी लागली.

खरी कसोटी पुढे आहे. युनिक्स प्रणालीतील घड्याळे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी २१४७४८३६४७ वर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला ३२ बिटांचे जुने घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. ६४ बिटांच्या मोजणीत हा धोका नाही. यंत्रांमध्ये बसविलेल्या, सहसा न बदलल्या जाणाऱ्या जुन्या संगणक-चकत्या मात्र त्यापूर्वी शोधून बदलाव्या लागतील.