द बॉल (फुटबॉलयात्रा)

लंडनच्या बॅटरसी पार्कमधून निघून विश्वचषकाच्या यजमान देशापर्यंत हातोहात नेला जाणारा आणि वाटेतल्या गावोगावी खेळला जाणारा फुटबॉल. पहिली यात्रा २००२ साली दक्षिण कोरियातील सोलपर्यंत गेली. त्यानंतर २००६ (म्युनिक), २०१०, २०१४, २०१८ अशी दर विश्वचषकाला ती निघत राहिली. प्रत्येक वेळी चेंडू नवा. ‘स्पिरिट ऑफ फुटबॉल’ ही संस्था हा उपक्रम चालवते. तिची जर्मन शाखा एर्फुर्ट शहरात आहे. फिल वेक, ख्रिश्चन वाख आणि न्यूझीलंडचा अँड्र्यू एरिस ही या उपक्रमाशी प्रामुख्याने जोडलेली नावे.

‘फुटबॉलची ऑलिंपिक मशाल’ असे आयोजक या चेंडूचे वर्णन करतात. ते अर्धेच लागू पडते. मशाल विझू नये म्हणून जपतात आणि ती निवडक हातांतूनच जाते. हा चेंडू वाटेत भेटेल त्याने लाथाडावा यासाठीच बाहेर काढलेला असतो. खेळणाऱ्याने त्यावर सही करायची, असा रिवाज आहे. शाळकरी पोरे आणि व्यावसायिक खेळाडू एकाच पृष्ठावर सह्या करतात. हजारो सह्या मावणार कुठे? नवी सही जुनीवर चढते, पुढच्या खेळात तीही झिजते.

आरंभस्थान म्हणून बॅटरसीची निवड सहेतुक आहे. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि डिसेंबरमध्ये १३ नियम मंजूर झाले. त्या नियमांचे प्रात्यक्षिक म्हणून ९ जानेवारी १८६४ रोजी बॅटरसी पार्कमध्ये सामना झाला. एका बाजूला अध्यक्ष आर्थर पेंबर यांचा संघ, दुसऱ्या बाजूला सचिव एबेनेझर मॉर्ली यांचा. प्रत्येकी १४ खेळाडू. अध्यक्षांचा संघ २–० असा जिंकला. विजयी संघातून गोल करणारा चार्ल्स अल्कॉक पुढे १८७१ मध्ये एफए कपच्या कल्पनेचा जनक ठरला. आजच्या प्रेक्षकाला तो खेळ ओळखू आला नसता. गोलखांबांतले अंतर आजच्याइतकेच, ८ यार्ड. पण वर आडवी दांडी नव्हती, त्यामुळे चेंडू कितीही उंचावरून गेला तरी गोल. उडता चेंडू हाताने झेलायला परवानगी होती, पुढे उभ्या सहकाऱ्याला पास द्यायला मात्र नव्हती. गोल झाला की दोन्ही संघ बाजू बदलत.

हाच ‘आधुनिक फुटबॉलचा पहिला सामना’, असे यात्रेच्या माहितीत सांगितले जाते. काटेकोर पाहिले तर त्याआधी, १९ डिसेंबर १८६३ रोजी, बार्न्स आणि रिचमंड हे क्लब नव्या नियमांनुसार खेळले होते. पण तो सामना गोलशून्य सुटला. बॅटरसीच्या वाट्याला मान आला त्यात या गोष्टीचाही हात असावा.

सगळ्या यात्रांत २०१० ची दक्षिण आफ्रिकेकडे गेलेली यात्रा सर्वांत अर्थपूर्ण म्हणावी लागेल, आणि त्याचे कारण चेंडूतच आहे. तो ‘अलाइव्ह अँड किकिंग’ या, २००४ मध्ये केनियात सुरू झालेल्या संस्थेने हाताने शिवला होता. खडबडीत, काट्याकुट्याच्या मैदानांवर आयात केलेले सिंथेटिक चेंडू टिकत नाहीत; म्हणून ही संस्था कातडी चेंडू बनवते, स्थानिक कारागिरांना काम देते आणि चेंडूंवर एचआयव्ही, मलेरिया यांविषयीचे संदेश छापते. म्हणजे आफ्रिकेत शिवलेला चेंडू लंडनहून युरोपमार्गे पुन्हा आफ्रिकेत उतरला आणि जोहान्सबर्गला पोचला.

मुक्कामांवर शाळांमध्ये खिलाडूवृत्तीच्या कार्यशाळा घेतल्या जातात. या कार्यशाळांचे नाते ‘फुटबॉल ३’ या पद्धतीशी जुळते. आंद्रेस एस्कोबार या खेळाडूच्या १९९४ मधील हत्येनंतर कोलंबियाच्या मेडेयीन शहरात युर्गन ग्रीसबेक यांनी मुलामुलींचे एकत्र सामने सुरू केले, त्यांतून ती रुजली. पंच नसतो, नियम खेळाडू आधी आपसांत ठरवतात आणि सामना संपल्यावर, कोण कसे वागले यावर बोलून, गुण देतात.

खुष्कीचा मार्ग हे या यात्रेचे वैशिष्ट्य असले तरी तो अखंड राहणे शक्य नाही. लंडनहून निघाले की पहिल्या टप्प्यातच इंग्लिश खाडी आडवी येते. २०२२ मध्ये निघालेल्या यात्रेने तर न्यूझीलंड गाठायचे ठरवले. तिचे अंतिम ठिकाण प्रथमच महिलांचा विश्वचषक होते. ऑकलंडच्या ईडन पार्कवर २० जुलै २०२३ रोजी झालेल्या सलामीच्या सामन्यात न्यूझीलंडने नॉर्वेला १–० असे हरवले. महिला विश्वचषकातला त्या देशाचा तो पहिलाच विजय होता.