बाससाठी फ्लाय रॉडवर प्लास्टिकचे आमिष

लार्जमाउथ बास या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या माशाला फ्लाय रॉडने पकडताना पिसा-केसांच्या फ्लायऐवजी साध्या रॉडवरची मऊ प्लास्टिकची आमिषे वापरण्याची पद्धत. हा मासा कमळाची पाने, पाणगवत, बुडालेली झाडे यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. तिथे उघडा गळ टाकला की पहिल्या फेकीतच अडकतो. ओहायोतील निक क्रीम यांनी 1949 मध्ये आणलेली प्लास्टिकची अळी इथे उपयोगी पडते. गळाचे टोक तिच्याच अंगात दडवता येते.

अडचण वजनाची. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष फेकले जात नाही, फेकला जातो तो जड दोर. आमिष त्याच्यामागे ओढले जाते. 8 क्रमांकाच्या (हा क्रमांक दोराच्या वजनाचा) दोराचा पुढचा 30 फुटांचा भाग साधारण 13.6 ग्रॅम भरतो. साध्या रॉडवरची कितीतरी आमिषे एकटीच तेवढी असतात. ती लावली तर दोराची कमान मोडते आणि गळ मानेशी येतो. म्हणून शिसे न लावलेली आखूड अळी, 8 ते 10 क्रमांकाचा रॉड आणि तोकडा, जाड लीडर (दोर आणि गळ यांना जोडणारा धागा) घ्यावा. मासा लागताच रॉड उचलू नये, तो लवचीक असल्याने जोर वाया जातो. हाताने दोर सरळ ओढावा, तरच टोक प्लास्टिकमधून बाहेर येऊन जबड्यात रुतते.

याला फ्लाय फिशिंग म्हणावे का, हा वाद जुना आहे. आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवणारी आयजीएफए ही संस्था फ्लाय विभागात असे आमिष मान्य करत नाही. विक्रमाची हौस नसलेल्याने मात्र तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.