डेस्कटॉप संगणकाचा खर्च : मोजलेले आणि न मोजलेले श्रम (१९८१–२०२४)

प्रस्तावना

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयांच्या डेड स्टॉक रजिस्टरात संगणकाची नोंद एका ओळीत संपते. खरेदीचा दिनांक, पुरवठादाराचे नाव, देयक क्रमांक, किंमत आणि कित्येक वर्षांनंतर निर्लेखनाचा ठराव. या दोन टोकांमधल्या काळात त्या यंत्रावर कार्यप्रणाली किती वेळा नव्याने बसवावी लागली, विषाणूमुळे किती तासिका वाया गेल्या, प्रयोगशाळा सहायकाचे किती दिवस त्यात खर्ची पडले, याचा रजिस्टरात मागमूसही नसतो. नॅकच्या मूल्यांकनातही विद्यार्थी-संगणक गुणोत्तर विचारले गेले. त्या संगणकांमागे राबणाऱ्या माणसांचे गुणोत्तर कोणी विचारल्याचे स्मरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दस्तऐवजातील असे मौनही साधन म्हणून वापरता येते.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांचे हिशेबही १९८० च्या दशकात याच प्रकारचे होते. त्या हिशेबांतील मौन कसे भंगले आणि त्यानंतर डेस्कटॉप संगणक बसविण्याचा व सांभाळण्याचा खर्च कमी करण्यासाठी कोणते प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. खर्च कमी झाला असे जेथे म्हटले गेले, तेथे तो पुष्कळदा नाहीसा न होता दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मुक्त संगणक आणि त्याचे देयक

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. मूळ आवृत्तीची किंमत होती १,५६५ डॉलर. तोपर्यंत कार्यालयातील संगणन म्हणजे मध्यवर्ती महासंगणक आणि त्याला जोडलेली टर्मिनल, असे समीकरण होते. आयबीएमची ३२७० मालिका १९७१ पासून हेच काम करीत होती. टर्मिनलमध्ये बिघडण्यासारखे फारसे नव्हते आणि वापरणाऱ्याच्या हातीही फारसे काही नव्हते. नवे काम हवे असेल तर संगणक विभागाकडे अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे.

ही कोंडी आयबीएमच्या आधीच फुटू लागली होती. १९७९ मध्ये ॲपल-२ वर व्हिसिकॅल्क हा तक्त्यांचा प्रोग्रॅम आला आणि अनेक व्यवस्थापकांनी संगणक विभागाला न विचारता आपल्या विभागाच्या किरकोळ अंदाजपत्रकातून यंत्रे विकत घेतली. १९८३ मधील लोटस १-२-३ ने हीच लाट आयबीएमच्या यंत्रांकडे वळविली. वैयक्तिक संगणकाचा कार्यालयातील प्रवेश हा असा काहीसा बंडखोर होता, हे पुढील घडामोडी समजून घेताना विसरून चालणार नाही.

या बंडाचे देयक १९८७ मध्ये सादर झाले. गार्टनर ग्रुप या सल्लागार संस्थेतील बिल किर्विन यांनी ‘एकूण मालकी खर्च’ ही संकल्पना वैयक्तिक संगणकांना लावली. यंत्राची किंमत हा या खर्चाचा लहानसा भाग आहे. दुरुस्ती, साहाय्य, प्रशिक्षण, प्रशासन आणि वापरकर्त्याचा वाया जाणारा वेळ धरला तर एका संगणकामागे कंपनीला वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो, असा हा हिशेब होता. दोन-तीन हजार डॉलरला मिळणारी वस्तू दरवर्षी दहा हजार खाते, हे वाचून वित्त विभागांत खळबळ उडाली.

या हिशेबातील सर्वांत लक्षणीय सदर होते वापरकर्त्याने स्वतः केलेल्या कामाचे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचा प्रिंटर सुरू करून देणे, फाईल कोठे हरवली ते शोधणे, पडद्याचे रंग बदलत बसणे, हे सर्व त्यात खर्च म्हणून धरले गेले. यातील काही खरोखरच उधळपट्टी होती. परंतु सहकाऱ्याला मदत करणे म्हणजे शिकणे आणि शिकविणेही असते. ज्यांनी आपल्या विभागात पहिल्यांदा मराठी टंकलेखन करून पाहिले, त्या प्राध्यापकांना ते बहुतेक शेजारच्या विभागातील कोणीतरीच दाखविले असेल. हिशेबाच्या भाषेत हा निव्वळ तोटा ठरला, आणि तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे वापरकर्त्याला यंत्रात ढवळाढवळ करू न देणे.

नेटवर्क संगणकाचा प्रयोग

सप्टेंबर १९९५ मध्ये पॅरिस येथील एका परिषदेत ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी ५०० डॉलरच्या, हार्ड डिस्क नसलेल्या संगणकाची कल्पना मांडली. प्रोग्रॅम आणि कागदपत्रे सर्व्हरवर राहतील, टेबलावर राहील ते केवळ एक साधे उपकरण. बिघडले तर उचलून दुसरे ठेवावे. मे १९९६ मध्ये ओरॅकल, सन, आयबीएम, ॲपल आणि नेटस्केप यांनी या ‘नेटवर्क संगणका’साठी समान निकष जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सनने जावास्टेशन आणले. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी त्याच महिन्यात ‘नेटपीसी’ हा प्रतिप्रस्ताव मांडला. त्याची पेटी बंद असे, तीत नवे कार्ड बसविण्याची सोय नसे, पण आत हार्ड डिस्क आणि विंडोज कायम असे. ‘शून्य प्रशासन’ हे मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन उपक्रमाचे नाव होते.

मूळ कल्पना तशी नवी नव्हती. डिस्करहित यंत्राने नेटवर्कवरून सुरू होण्यासाठी लागणारा बूटपी हा प्रोटोकॉल १९८५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडील ज्येष्ठ प्राध्यापकांना नॉव्हेल नेटवेअरचे डिस्करहित ‘नोड’ आठवत असतील. नेटवर्क कार्डावर एक बूट रॉम बसविलेला असे आणि संपूर्ण वर्ग एका सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर चाले. अमेरिकेत देखभाल स्वस्त करण्यासाठी जे १९९६ मध्ये क्रांती म्हणून मांडले गेले, ते आपल्याकडे हार्ड डिस्क परवडत नाही म्हणून आधीच रूढ झाले होते. येथे माणसाचा वेळ स्वस्त आणि यंत्र महाग होते. तेथे नेमके उलट. एकाच तंत्रामागे दोन विरुद्ध अर्थशास्त्रे असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नेटवर्क संगणक बाजारात टिकला नाही. त्या काळातील कार्यालयीन नेटवर्कचा वेग बहुधा सेकंदाला १० मेगाबिट आणि तोही सर्वांत वाटलेला असे; सकाळी नऊ वाजता सर्वांनी एकदम यंत्रे सुरू केली की प्रोग्रॅम उतरण्याची वाट पाहावी लागे. जावामध्ये लिहिलेली कार्यालयीन साधने अपुरी होती. निर्णायक आघात मात्र किमतीचा ठरला. फेब्रुवारी १९९७ मध्ये कॉम्पॅकने ९९९ डॉलरचा प्रिसारिओ आणला आणि त्यानंतर स्वस्त संगणकांची रीघ लागली. पूर्ण संगणकच हजार डॉलरच्या आत मिळू लागल्यावर अर्ध्या संगणकाला गिऱ्हाईक मिळेना. येथे एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. यंत्राची किंमत गौण आहे असे दशकभर सांगणाऱ्या वादाचा निकाल शेवटी यंत्राच्या किमतीनेच लावला.

छायाप्रत आणि धोरण

घोषणांचा हा गदारोळ चालू असताना खर्च प्रत्यक्षात कमी करणारे काम दुसरीकडेच चालले होते. विंडोज ९५ फ्लॉपीवर घ्यायचे तर १३ फ्लॉपी लागत. शंभर संगणक बसविणे म्हणजे कोणीतरी शंभर वेळा बसून त्या फ्लॉपी एकामागून एक घालणे, तेच प्रश्न वाचणे आणि तीच उत्तरे टंकित करणे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील मरे हॅझार्ड यांच्या बायनरी रिसर्च या छोट्या कंपनीने १९९५ च्या सुमारास ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम तयार केला. एक संगणक नीट बसवायचा, त्याच्या संपूर्ण डिस्कची छायाप्रत काढायची आणि ती इतर यंत्रांवर उतरवायची, एवढेच त्याचे काम. १९९८ मध्ये सिमँटेकने तो विकत घेतला.

छायाप्रतीच्या अडचणीही होत्या. सर्व यंत्रांना एकच नाव आणि एकच ओळखक्रमांक मिळे; म्हणून प्रत काढण्यापूर्वी ओळख पुसणारे सिसप्रेप हे साधन वापरावे लागे. यंत्रांचे सुटे भाग वेगळे असले तर एकाची प्रत दुसऱ्यावर चालत नसे. परिणामी कंपन्यांनी एकाच बनावटीची यंत्रे एकगठ्ठा घेण्याचे धोरण स्वीकारले. खर्च वाचवायचा तर आधी वैविध्य संपवावे लागते, हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

इंटेलच्या पुढाकाराने आलेल्या पीएक्सई या मानकामुळे रिकामा संगणकही नेटवर्कवरून सर्व्हर शोधून स्वतःची प्रणाली उतरवून घेऊ लागला. दुरून यंत्र जागे करण्याची सोयही याच सुमारास झाली, त्यामुळे रात्री कार्यालय बंद असताना कामे उरकता येऊ लागली. १७ फेब्रुवारी २००० रोजी प्रकाशित झालेल्या विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ‘ग्रुप पॉलिसी’ आली. प्रशासकाने धोरण एकदा लिहावे आणि हजारो यंत्रांनी ते पाळावे, अशी ही रचना. कोणाला नियंत्रण फलक दिसेल, कोणाला प्रोग्रॅम बसविता येईल, पडद्यामागे कोणते चित्र असेल, हे सर्व एका जागेवरून ठरू लागले. १९७९ मध्ये संगणक विभागाच्या हातून निसटलेली सत्ता अशी परत आली. फरक एवढाच की, टेबलावरील यंत्र आता दिसायला वैयक्तिक होते.

या मार्गाने बचत झाली नाही असे म्हणता येणार नाही. गार्टनरनेच २००८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार मोकाट सोडलेल्या डेस्कटॉपचा वार्षिक खर्च ५,८६७ डॉलर, तर कुलूपबंद आणि सुव्यवस्थित डेस्कटॉपचा ३,४१३ डॉलर होता. म्हणजे ४२ टक्के कमी. शिवाय २००३ च्या जानेवारीतील स्लॅमर आणि ऑगस्टमधील ब्लास्टर या किड्यांच्या अनुभवानंतर यंत्रे मोकळी ठेवणे ही केवळ खर्चिक बाब उरली नव्हती, तो उघड धोका होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षा दुरुस्त्या महिन्यातून एका ठरावीक मंगळवारी देण्याची पद्धत सुरू केली, तीही प्रशासकांना कामाचे नियोजन करता यावे म्हणूनच. तरीही हे आकडे वाचताना एक प्रश्न उरतो. कुलूपबंद यंत्रावर आपले काम अडून बसलेल्या कर्मचाऱ्याचा वेळ त्यात कितपत पकडला गेला असेल?

श्रमाचे स्थलांतर

दुरून यंत्र सांभाळता येऊ लागल्यावर सांभाळणारा माणूस त्याच इमारतीत, किंबहुना त्याच देशात असण्याची गरज उरली नाही. २००० च्या दशकात बंगळूर, चेन्नई, मुंबई आणि पुणे येथून परदेशी कंपन्यांचे संगणक सांभाळण्याचा व्यवसाय वाढला. न्यूयॉर्क आणि पुणे यांच्या घड्याळांत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. अमेरिकेतील खर्च कमी होण्यासाठी हिंजवडीत रात्रपाळी सुरू व्हावी लागली, हे त्या अंतराचे सरळ गणित होय.

विद्यार्थिदशेत प्रस्तुत लेखकाचा खोलीतील सोबती असेच काम करीत असे. तो सकाळी आठला परत येई, तेव्हा आम्ही डबा घेऊन वर्गाला निघत असू. रात्रभर तो काय करतो, असे विचारल्यावर तो म्हणे, “लोकांचे विसरलेले पासवर्ड पुन्हा सुरू करतो.” त्याने कधी न पाहिलेल्या कार्यालयातील एका टेबलाचा मालकी खर्च त्याच्या झोपेमुळे कमी झाला होता. या स्थलांतराने मराठी मध्यमवर्गातील, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्याही, अनेक तरुणांना पहिला नियमित पगार दिला हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदात मांडावयास हव्यात. खर्चाच्या सारणीत मात्र त्यांपैकी एकीलाही स्तंभ नव्हता.

आपल्या महाविद्यालयांत या इतिहासाची लहान आवृत्ती पाहावयास मिळते. एका संगणक प्रयोगशाळेत सहायक दिवाळीच्या सुटीत येऊन एका यंत्राची छायाप्रत उरलेल्या यंत्रांवर उतरवीत असल्याचे मी पाहिले आहे. ते काम त्याच्या कर्तव्यसूचीत नव्हते. तो निवृत्त झाल्यावर ती प्रयोगशाळा दोन सत्रांत निम्मी बंद पडली, तेव्हा त्याच्या सुटीची किंमत सर्वांच्या लक्षात आली.

१९ जुलै २०२४

पुढील दशकात नेटवर्क संगणकाची कल्पना वेगळ्या वेषात परतली. नेटवर्कचा वेग वाढला आणि ब्राउझरमध्येच बहुतेक कामे होऊ लागली, तेव्हा जून २०११ मध्ये गूगलची क्रोमबुक आली. कंपन्यांसाठी दर वापरकर्त्यामागे महिना २८ डॉलर अशी वर्गणीची योजनाही तिच्यासोबत होती. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेमुळे नवा संगणक कारखान्यातून थेट कर्मचाऱ्याच्या घरी जाऊन तेथेच कंपनीची धोरणे उतरवून घेऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत याचा उपयोग सिद्ध झाला. प्रत्येक यंत्राजवळ माणूस जाणे हा खर्चाचा सर्वांत जुना स्रोत होता. तो आता आटल्यासारखा दिसत होता.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने दुरून पाठविलेल्या एका सदोष फाईलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. मध्यवर्ती व्यवस्थापनाची जी कार्यक्षमता एका ठिकाणाहून सर्वत्र दुरुस्ती पोहोचविते, तिनेच ही चूक काही मिनिटांत सर्वत्र पोहोचविली. सदोष फाईल पाठवणे सुमारे सव्वा तासातच थांबविण्यात आले होते. तथापि यंत्र सुरूच होत नसल्याने त्याला दुरून स्पर्श करण्याचा मार्ग अनेक ठिकाणी बंद झाला होता. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कार्यालयांत तंत्रज्ञ एकेका टेबलापाशी जाऊन यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करीत, डिस्क कूटबद्ध असेल तर अठ्ठेचाळीस अंकी किल्ली हाताने टंकित करीत, ती एक फाईल पुसून टाकीत आणि पुढच्या टेबलाकडे वळत.