ग्वाल्हेर दरबारातील मिशनरी आणि खताचा खड्डा

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी वाचकास शिंदेशाही, तानसेनाची समाधी आणि लष्कर भागातील जुने वाडे आठवतात. त्या संस्थानाच्या शेतकी खात्याची धुरा पहिल्या महायुद्धाच्या काळात एका प्रेसबिटेरियन मिशनऱ्याच्या खांद्यावर होती, हे मात्र आपल्या मंडळ्यांतून क्वचितच सांगितले जाते.

सॅम हिगिनबॉटम (1874-1958) हे मूळचे मँचेस्टरचे. 1903 साली ते हिंदुस्थानात आले आणि अलाहाबाद येथील ख्रिस्ती महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले. खेड्यांतील दारिद्र्य जवळून पाहिल्यावर, निव्वळ व्याख्यानांनी भागणार नाही असे त्यांच्या मनाने घेतले. अमेरिकेत जाऊन ते शेतकीशास्त्र शिकून आले व यमुनेपलीकडे नैनी येथे त्यांनी शेतकी संस्था उभारली. सुवार्तेसाठी आलेल्या माणसाने नांगर का धरावा, हा प्रश्न साहजिकच होता. त्याचे उत्तर त्यांच्या 1921 मधील ग्रंथाच्या नावातच आहे : ‘सुवार्ता आणि नांगर’. महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांना ग्वाल्हेरात बोलाविले ते याच कामासाठी.

त्यांच्या शिकवणुकीत नवलाचे असे थोडेच होते. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या की शेताचे अन्न चुलीत जाते. ते मातीस परत मिळावे. पावसाळ्यातील हिरवा चारा खड्ड्यात दाबून मुरघास करावा, म्हणजे उन्हाळ्यात जनावरांचे हाल होत नाहीत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याकडे बाग सोपविली गेली ती राखण्यासाठी, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. हिगिनबॉटम ते खड्डा खणून सांगत.

त्याच काळात ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा धरण बांधले गेले. विश्वेश्वरय्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे त्यास बसविले होते. तथापि पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि 1917 साली धरण फुटले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले व शहर आजही त्याचेच पाणी पिते. शहरामधून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचे मात्र गटार झाले. मागाहून तिचे पात्र काँक्रीटने बांधून काढले, तरी नदी काही परतली नाही. पाणी कोठून आणावे याचा विचार दरबार करू शकतो. वापरलेले पाणी आणि घरचा केर कोठे जातो, हे ज्याच्या त्याच्या उंबरठ्यावरच ठरते.

मंडळीच्या आवारातही ते ठरते. कापणीच्या सणाच्या प्रीतिभोजनात थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पानांच्या पत्रावळी आणता येतात. उष्टे व भाजीचा पाला खड्ड्यात जाऊ शकतो, आणि मंदिराच्या छपरावरील पाऊस विहिरीकडे वळविता येतो. पाच हजारांच्या भोजनानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले (योहान 6), या भागावर प्रवचन करणाऱ्यास उदाहरण शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

मात्र खताच्या खड्ड्याविषयी बोलताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. उत्तर हिंदुस्थानातील मिशन मंडळ्यांत आलेली पुष्कळ कुटुंबे अशा जातींतील होती, की ज्यांच्यावर इतरांचा मैला उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. सोनखताचे गुण शेतकीशास्त्राने कितीही गावोत, डोक्यावरची पाटी कोणाच्या डोक्यावर होती हे त्या कुटुंबांस ठाऊक होते. मैला वाहण्याच्या प्रथेवर 1993 साली व पुन्हा 2013 साली कायद्याने बंदी घालावी लागली. म्हणून ओला व सुका केर निराळा करण्याचे काम झाडणाऱ्या बाईंवर टाकून मोकळे व्हावे आणि सृष्टीच्या कारभारीपणावर प्रवचन करावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. सणाच्या आदल्या रविवारी पाळक, पंच आणि तरुण संघ यांच्या पाळ्या ठरवून ती यादी मंदिराच्या दारावर लावावी. पहिले नाव पाळकांचे असावे.