नलिकापोषण, कर्करोगोपचारातील

नलिकापोषण, कर्करोगोपचारातील : तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र किंवा अन्ननलिका यांच्या कर्करोगावर उपचार चालू असताना ज्या रुग्णास तोंडाने पुरेसे अन्न घेता येत नाही, त्यास नाकावाटे जठरात सोडलेल्या किंवा पोटावरील छिद्रातून बसविलेल्या नळीने द्रव अन्न देण्याच्या पद्धतीस नलिकापोषण म्हणतात. तंबाखू, मशेरी, सुपारी व गुटखा यांच्या सेवनामुळे महाराष्ट्रात मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. त्यामुळे ही नळी परळच्या रुग्णालयातून निघून वसई-विरारसारख्या उपनगरी भागांतील स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचली आहे. ‘नळी लागली’ म्हणजे रुग्णाचा शेवट जवळ आला, अशी समजूत मात्र अजूनही आढळते. ती निव्वळ अडाणीपणाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही, कारण तिचे मूळ नळीच्या इतिहासातच आहे.

इतिहास : नळीच्या आकाराची उपकरणे भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेतील १०१ यंत्रांपैकी २० नाडीयंत्रे आहेत. दूध, मांसरस इत्यादींचे बल्य बस्ती गुदमार्गे देण्याची पद्धतही आयुर्वेदात सांगितलेली आहे. यूरोपातही पोषणासाठी दीर्घकाळ हाच मार्ग वापरात होता. नाकावाटे चांदीची नळी घालून धनुर्वाताच्या रुग्णास अन्न देण्याची युक्ती इटालियन शारीरविज्ञ फाब्रिशियस यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी सांगितली. तथापि धातूची ताठ नळी घशाखाली उतरविणे अवघडच होते. लंडनचे शस्त्रक्रियाविशारद जॉन हंटर (१७२८–९३) यांनी १७९० मध्ये गिळण्याची शक्ती गेलेल्या एका रुग्णासाठी वाम जातीच्या माशाची कातडी देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्टीवर चढवून नळी तयार केली आणि तीतून अंडी, दूध, साखर व मद्य जठरात पोहोचविले. मऊ व वाकणाऱ्या नळीचे तत्त्व येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

कर्करोगाशी नळीचा संबंध आला तो पोटावरील छिद्राच्या मार्गाने. अन्ननलिका बंद झालेल्या रुग्णाच्या जठरास बाहेरून वाट करून द्यावी, ही कल्पना नॉर्वेतील लष्करी शस्त्रक्रियातज्ज्ञ एगेबर्ग यांनी १८३७ मध्ये मांडली. स्ट्रासबर्ग येथे सेदीयो यांनी १८४९ मध्ये ती प्रत्यक्षात आणली, पण रुग्ण लगेच दगावला. पुढील पाव शतकात असे प्रयत्न वारंवार फसले. १८७५ साली लंडनमध्ये सिडनी जोन्स यांचा रुग्ण या शस्त्रक्रियेनंतर चाळीस दिवस जगला, तेव्हा ते मोठे यश मानले गेले. या साऱ्या शस्त्रक्रिया उपासमारीने खंगलेल्या व बरा होण्याची आशा नसलेल्या रुग्णांवर झाल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे नळी आणि मृत्यू यांची लोकमानसात सांगड का बसली ते उमगते.

नाकावाटे घालावयाच्या आजच्या नळीचे नाव भारतात घरोघरी ‘रायल्स ट्यूब’ असे झाले आहे. लंडनच्या गाय रुग्णालयातील जॉन आल्फ्रेड राइल (१८८९–१९५०) यांनी १९२१ मध्ये वर्णिलेली बारीक रबरी नळी मुळात अन्न घालण्यासाठी नव्हे, तर जठररसाचे नमुने बाहेर काढण्यासाठी होती. त्याच वर्षी अमेरिकेत लेव्हिन यांनीही तशाच प्रकारची नळी प्रचारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची जागा प्लॅस्टिकने घेतली.

याच साधनाचा दुसरा, काळा इतिहासही आहे. इंग्लंडमध्ये १९०९ पासून मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांना तुरुंगात बळजबरीने नळीने अन्न घालण्यात आले. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांच्यावर असाच प्रयोग झाला. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली व उपोषणाच्या ६३व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. नळीला रुग्णाची संमती हवी, हा आज साधा वाटणारा नियम अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

मुंबईतील वापर : ल्यूकेमियाने १९३१ मध्ये निवर्तलेल्या मेहेरबाई टाटा यांच्या स्मृतीशी निगडित असलेले टाटा स्मारक रुग्णालय परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे येथील ख्यातनाम शस्त्रक्रियातज्ज्ञ. रुग्णालयासमोरील रस्त्यास त्यांचे नाव आहे. गाल, जीभ किंवा जबड्याचा भाग काढल्यावर तोंडातील टाके भरून येईपर्यंत त्यांना अन्नाचा स्पर्श होऊ नये, म्हणून अशा शस्त्रक्रियेत नाकातील नळी अपरिहार्य ठरते. छातीवरील स्नायूचा तुकडा वळवून तोंडातील पोकळी भरण्याची रीत अमेरिकेत एरियन यांनी १९७९ मध्ये वर्णिली व मोठ्या शस्त्रक्रिया अधिक रुग्णांना शक्य झाल्या. त्याच वर्षी क्लीव्हलँड येथे गॉडरर व पॉन्स्की यांनी पोट न फाडता, अंतर्दर्शकाच्या साहाय्याने जठरात नळी बसविण्याची पद्धत एका तान्ह्या मुलावर यशस्वी केली. अनेक आठवडे किंवा महिने नळी लागणार असेल, तर आता बहुधा ही पद्धत विचारात घेतली जाते.

प्रारण चिकित्सेत (किरणोपचारात) नळीचे प्रयोजन वेगळे असते. आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे चालणाऱ्या या उपचारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ आटते, चव जाते आणि घोटभर पाणीही आगीसारखे झोंबते. वजन झपाट्याने उतरले की उपचारात खंड पडतो, आणि खंड पडल्यास रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. म्हणून येथे नळी ही हार मानल्याची खूण नसून ठरलेला उपचार पुरा करण्याचे साधन होय. एकोणिसाव्या शतकातील नळी उपचार संपल्यावर येत असे; आजची नळी उपचाराच्या मध्यावर, कित्येकदा आरंभीच येते. हा फरक रुग्णाच्या घरच्यांना नीट समजावून सांगितला जात नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वसई-विरारच्या रुग्णास याची झळ अधिक लागते. पश्चिम रेल्वेवरील विजेच्या गाड्या १९३६ पासून विरारपर्यंत धावू लागल्या. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. विरारहून चर्चगेट सु. ६० किमी. आहे. परळला रोज उपचारास जाणारा रुग्ण दादरला उतरून पुढे जातो व त्याच दिवशी परततो. उपनगरी गाडीतील अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णास प्रवेश असला, तरी नाकाला चिकटपट्टीने बसविलेली नळी एका धक्क्याने निसटू शकते. लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी रुमाल बांधून प्रवास करणारे अनेक असतात. प्रवास न झेपणाऱ्या गरजूंची परळच्या नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था राहण्याची सोय करतात. परंतु शेती, मासेमारी किंवा रोजंदारी सोडून दोन महिने सोबत राहणारे माणूस प्रत्येक घरात नसते.

घरी नळीची जबाबदारी बहुतेक वेळा पत्नीवर, सुनेवर किंवा मुलीवर पडते, आणि ती सोपी नाही. दर दोन-तीन तासांनी सु. २०० ते २५० मिलि. द्रव अन्न मोठ्या पिचकारीतून, दट्ट्या न दाबता, आपोआप उतरू द्यावे लागते. त्या वेळी व नंतर अर्धा ते एक तास रुग्णाने बसून किंवा पाठ उंच टेकवून राहावे, अन्यथा अन्न उलटून श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व, दूध, डाळीचे पाणी, अंडे हे सारे शिजवून, घोटून, गाळून द्यावे लागते. सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आगाशीतही नळीच्या रुग्णास केळे द्यावयाचे ते दुधात एकजीव करून गाळूनच. प्रत्येक वेळी नंतर स्वच्छ पाणी सोडले नाही, तर नळी तुंबते. डब्यातील तयार पूड सोयीची असली, तरी महाग पडते; घरचे अन्न स्वस्त, पण त्यातील प्रथिने व उष्मांक मोजले जात नाहीत आणि पातळ करण्याच्या नादात ते निकस होते. आहारतज्ज्ञाने घरातल्याच वाटीच्या मापाने तक्ता आखून देणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय. निसटलेली नळी मात्र घरी आत ढकलू नये. ती श्वासनलिकेत शिरल्यास अन्न फुप्फुसात जाते.

भुकेचे समाधान होऊनही चवीची, चघळण्याची व पंक्तीत बसण्याची ओढ उरते. तिच्यावर औषध नाही. गिळण्याचे स्नायू न वापरल्यास दुबळे होतात, म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली असल्यास नळी असतानाही पाण्याचे घोट व गिळण्याचे व्यायाम चालू ठेवतात. तोंडाने घेतलेल्या अन्नावर वजन टिकू लागले की नाकातील नळी काही क्षणांत काढता येते. पोटावरील नळी काढल्यावर तेथील छिद्र सामान्यतः काही दिवसांत आपोआप मिटते.