छत्तिसावी फेरी

११ फेब्रुवारी १८०१. बाहेर बर्फ पडतंय. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, सभागृहाला लागून असलेल्या एका खोलीत तुम्ही उभे आहात. इमारतीची उत्तरेकडची बाजू तेवढी बांधून झालीय. दार उघडतं आणि माणसं एक खाट आत आणतात. खाटेवर मेरीलँडचे प्रतिनिधी जोसेफ निकोल्सन, तापानं फणफणलेले. पत्नी उशाशी बसते, औषध पाजते.

पलीकडे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ठरतोय. थॉमस जेफरसन आणि एरन बर एकाच रिपब्लिकन पक्षाचे, आणि दोघांनाही ७३ मतं. प्रत्येक निर्वाचकाची मतं दोन, पण कोणतं राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि कोणतं उपराष्ट्राध्यक्षपदासाठी, हे नोंदवायची सोय संविधानात नाही. संविधान लिहिताना पक्ष कुणी गृहीतच धरले नव्हते. वॉशिंग्टननीही १७९६ मध्ये निरोप घेताना पक्षीय दुहीपासून सावध केलं होतं. पण अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेवरून, मग फ्रान्स की ब्रिटन यावरून तट पडत गेले आणि रिपब्लिकनांसमोर फेडरलिस्ट पक्ष उभा राहिला.

बरोबरीमुळे निर्णय आता प्रतिनिधिगृहाकडे: १६ राज्यं, प्रत्येकाला एक मत. जिंकायला ९ हवीत. जेफरसनकडे ८, फेडरलिस्टांच्या पाठिंब्यावर बरकडे ६. व्हर्मॉन्ट आणि मेरीलँड आतल्या आत दुभंगलेली. निकोल्सन घरी राहिले असते, तर मेरीलँड बरकडे गेलं असतं. मतपेटी खाटेपाशी येते. तुम्ही वाकून पाहता. अशक्त बोटं कागदावर एक नाव लिहितात.

रात्र पडते. कुणी उशी मागवतं, कुणी रजई. फेऱ्या संपत नाहीत. व्हर्मॉन्टचे मॅथ्यू लायन इथेच आहेत. सरकारवर टीका केली म्हणून त्यांना १७९८ मध्ये तुरुंगात टाकलं होतं. तिथे असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. गावागावांत अफवा पसरताहेत, व्हर्जिनियात आणि पेनसिल्व्हेनियात नागरी सेना जमवण्याची भाषा चाललीय.

१७ फेब्रुवारी. ३६वी फेरी. डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड, बरला मत देणं थांबवतात. व्हर्मॉन्ट आणि मेरीलँडचे फेडरलिस्टही बाजूला होतात. लायनच्या मतानं व्हर्मॉन्ट जेफरसनकडे जातं, मेरीलँडही. १० राज्यं! आणि तलवार उपसली गेलेली नाही.

याचं कौतुक मनापासून करा, पण कॅपिटॉलच्या भिंतींकडेही बघा. त्या उभारताना गुलाम राबलेत. दक्षिणेच्या निर्वाचकांची संख्या ठरवताना दर गुलाम तीन-पंचमांश माणूस धरलाय. त्याला स्वतःचं मत मात्र नाही.

४ मार्च. पहाटे चारला मावळते फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स शपथविधीसाठी न थांबता गाडीतून निघून जातात. दुपारी जेफरसन आपल्या खाणावळीतून चालत कॅपिटॉलकडे येतात. ज्या पक्षाला सत्तेवरून उतरायचं होतं, तो उतरला. रस्त्याच्या कडेला उभे राहून तुम्ही हे बघता, आणि निकोल्सनची ती खाट आठवते. तापातही त्यांना फक्त एक कागद भरायचा होता.